आगरावरची हजेरी

मासिक पत्रक भरायचा मला भारी राग यायचा. महिनाअखेरीला ते अलिबागला पाठवायचं. मुलगे किती, मुली किती, जात कोणती, पास किती, नापास किती, सरासरी हजेरी किती. आमच्या एकशिक्षकी शाळेच्या पटावर तीसेक पोरं. बहुतेक आगऱ्यांची, चार-पाच कोळ्यांची, एक दुकानदार वाण्याचा. मुली बोटांवर मोजण्याइतक्या. सगळ्याला रकाने होते. पण दिवाळी झाली की अख्खं गाव पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट मिठागरावर झोपड्या बांधून राहायला जातं आणि पावसाच्या तोंडाला परततं, ह्याला मेला रकानाच नव्हता.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी विशी-एकविशीची, शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचे. मिठाच्या दिवसांत गावात उरायचं कोण? दोन-तीन म्हाताऱ्या आणि वाण्याचं घर. खोटं कशाला बोलू, मी स्वयंपाक करताना मोठ्यानं पाढे म्हणायचे. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून, दुसरं काही नाही. कधी कधी पावकी म्हणता म्हणता रडू यायचं.

त्या वर्षी वरून पत्र आलं. मागल्या साली चौथीला चार बसले आणि एकच पास झाला होता. यंदाही हजेरी सुधारली नाही तर शाळा चालू ठेवायचं कारण दिसत नाही, असं त्यात होतं. पुढची शाळा खाडीपलीकडे. भरतीला होडी आणि ओहोटीला मांडीभर चिखल. कोण पाठवतंय तिथं पोरांना! म्हणजे ह्या गावाचं शिकणं तिथंच संपलं.

मी एका बापाला गाठून सांगितलं. चौथीतली माझी सगळ्यांत हुशार मुलगी त्याचीच. तो शांतपणे म्हणाला, "बाय, शाला कुठं पलत न्हाय. मीठ वाट बगत न्हाय."

बरं बाबा! मग मीच लहान फळा डोक्यावर घेतला आणि हजेरीपत्रक काखेत मारून बांधावरून तासभर चालत आगरावर गेले. रोज. दुपारच्या उन्हात काम थांबायचं, तेवढे दोन तास झोपडीच्या सावलीत शाळा. परवानगी मागितली असती तर उत्तर पावसाळ्यात आलं असतं, म्हणून मागितलीच नाही. आणि पोरं शिकली हो! टोपल्या मोजून मोजून हिशेब तोंडात बसलेलाच होता, फक्त कागदावर उतरवायचा होता. यंदा चौथीला पाच होते, पाचही जण पास होणार, मी पैजेवर सांगितलं असतं. हजेरी रोज खरीखुरी मांडायचे. रात्री खोलीवर परतले की पाय ठणकायचे, पण पाढे म्हणावेसे वाटत नव्हते.

आगरावर एक रीत होती. लहान पोरं कामाला लावलेली दिसली की मिठाच्या खात्याचा साहेब आगराच्या मालकाला झापायचा, आणि मालक त्या घरचं काम काढून घ्यायचा. म्हणून टोपीवाला, बूटवाला कुणी बांधावर दिसला की पहिला बघणारा हाळी द्यायचा, आणि पोरं तिवरांच्या झाडीत गडप! त्यांना ओळीत उभं करायला मला महिना लागला होता, पण हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, तर शाळेला कुलूप. वाण्यानं खरं ते सांगितलं. साहेब भला माणूस, भर उन्हात चालत आगरावर निघाला. लांबून त्यांची टोपी दिसली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. अगं बाई, माझी शाळा बघायला कुणीतरी येतंय!

तेवढ्यात हाळी आली.

"अरे, हे आपले साहेब! शाळेचे!" मी ओरडले. पण ऐकतंय कोण? पोरांच्या टाचाच दिसल्या.

साहेब पोचले तेव्हा फळा होता, मी होते आणि हजेरीपत्रक होतं. त्यात त्या दिवशीचे सत्तावीस हजर.

"बाई, मुलं?"

"तिवरांत लपलीत, साहेब."

"बोलवा."

मी पटावरचं एकेक नाव घेऊन हाक मारली. पहिल्यापासून शेवटापर्यंत. पान हललं नाही. मग मी त्या बापाकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सांगा ना साहेबांना!"

तो हात जोडून म्हणाला, "कंची पोरं, सायेब? हितं पोरं न्हायत." आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. भिऊ नको, आम्ही हाव, असं. आणि कामाला निघून गेला.

साहेब कपाळ पुसत म्हणाले, "खोटी हजेरी मांडणारे पुष्कळ पाहिले, बाई. पण इतक्या उन्हात येऊन मांडणाऱ्या तुम्हीच पहिल्या." ओहोटी लागत होती, त्यांची होडी चिखलात अडकली असती. उभ्या उभ्याच त्यांनी शेरा लिहिला, सही केली. "जूनपासून शाळा बंद धरा." मी पाया पडायचीच काय ती बाकी राहिले. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

त्यांची टोपी दिसेनाशी झाली आणि मी बांधावर बसून ढसाढसा रडले. बाप लोक खाली मान घालून मीठ ओढत होते. त्यांना वाटलं, मिठाच्या साहेबाला बाय घाबरली.

मग तिवरांतून पोरं बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लकाकतायत. न सांगता पहिल्यांदाच आपणहून ओळीत उभी राहिली. चौथीतली ती मुलगी पुढं झाली.

"बाय, तुमी समद्यांची नावं घेतली, पन येकानं सुदिक हूं केला न्हाय."

सत्तावीस तोंडं माझ्याकडे बघत होती.

"शाब्बास," मी म्हणाले.