उपासाची कविता

जीवरामचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उजाडायच्या आत केळीच्या बागेत पोचायचं, कापणी करायची, ऊन तापायच्या आत ट्रक भरून मोकळं व्हायचं. मी त्याच्याच टोळीत होतो. घड खांद्यावर घेऊन ओल्या बांधावरून चालायला नुसती ताकद पुरत नाही. घड चेपला तर वाटेतच पिकतो आणि शेजारच्यांनाही पिकवतो. जीवरामचा घड चेपत नसे. कविताही तो तशाच करी. बागेतून ट्रकपर्यंत जाताना एक ओळ घोळवायची, रिकाम्या खांद्याने परतताना तिच्यातला जादा शब्द काढून टाकायचा. भाकरीच्या वेळी आम्हाला म्हणून दाखवायची.

"बायकोवर एखादी कर ना रे," टोळीतला सुपडू चिडवायचा. "का भेव वाटते?"

"केली हाये. तुले नाही सांगनार."

ती कविता टाळेबंदीतली. ट्रक बंद, काम बंद, घरात पीठ एकापुरतं. त्याची बायको झुंबरबाई त्याला वाढायची आणि म्हणायची, आज माझा उपास. सोमवार झाला, गुरुवार झाला, शुक्रवार आणि शनिवारही झाला. गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडू लागल्या. पुढे गल्लीत कुणाच्याही व्रताचं उद्यापन असो, पहिली सवाष्ण तीच. झुंबरबाई हे तिचं खरं नाव नाही. तिनेच निवडून दिलं, आणि गावाचं नाव घालायचं नाही या अटीवर मला हे लिहू दिलं. कवितेतल्या दोन ओळी अशा:

तुझ्या देवांना एकही वार सुटी नव्हती,
मला रोजच होती.

गुडघा गेल्यावर जीवरामने काम सोडलं आणि साठवलेल्या मजुरीतून पुस्तक काढायचं ठरवलं. पिंप्राळ्याला प्रेमराजभाऊंचा लहानसा छापखाना आहे. छपाई झाली, शिलाई राहिली होती. छापलेल्या कागदांचा एक संच घेऊन आम्ही दोघं एस.टी.ने घरी आलो. झुंबरबाईने हात पुसले आणि बोट ठेवून वाचायला लागली. ती चौथीपर्यंत शिकलेली. उपासाच्या कवितेवर बोट थांबलं.

"हे गल्लीनं वाचलं म्हंजे?"

"तुहं नाव कुठी हाये त्याच्यात?"

"एवढ्या उपासाची दुसरी कोन हाये गल्लीत?"

"अवं, तुह्या कौतुकाचंच लिहिलं ना."

"कौतुक तुहं होईन, लाज माही." तिने कागद बाजूला सारले. "मी उपाशी होती हे देवाले माहीत होतं. गल्लीले सांगाची काय गरज? ज्यांनी मह्या पायावर डोकं ठेवलं, त्यायले मी काय तोंड दाखवू?"

जीवरामने कागद गोळा केले. मला म्हणाला, "भाऊ, उद्या परत जाऊ."

प्रेमराजभाऊ ऐकून कपाळाला हात लावून बसले. "नाना, हीच तर तुमची सगळ्यात चांगली कविता. ही काढली तर पुस्तकात उरलं काय?"

"बाकीच्या काय मी झोपेत केल्या?"

"तसं नाही हो. पण एक पान सुटं निघत नाही. सोळा पानांचा अख्खा फर्मा नव्याने छापावा लागेल. कागद पुन्हा, छपाई पुन्हा."

"छापा. पैसे आनतो."

साठवलेलं संपलं होतं. उन्हाळ्यात तो गुडघ्याला फडकं बांधून टोळीत परत आला. आम्ही म्हणालो, कापणीला राहा, घड वाहू नको. त्याने वाहायचंच काम घेतलं, कारण त्याला मजुरी जास्त. पहिल्या आठवड्यात तो दोनदा बसला, पण घड खाली टाकला नाही. काढलेल्या कवितेच्या जागी त्याने बांधावरच्या चिखलाची एक कविता केली. ती बरी आहे, त्या कवितेइतकी चांगली नाही. हे मी त्याला सांगितलं, तोही हो म्हणाला.

छापलेला जुना फर्मा झुंबरबाईने रद्दीला जाऊ दिला नाही. सगळा गठ्ठा घरी आणवला आणि चुलीत घातला. जीवरामच्या त्या उन्हाळ्याची सगळी मजुरी तीच सोळा पानं दुसऱ्यांदा छापण्यात गेली.