खाडीपलीकडचा उतार

पनवेलहून गोव्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने सायकलने जायचं, ही ताईंची कल्पना. ताई आम्हा तिघींत मोठ्या, त्रेपन्न वर्षांच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, मुदतीच्या सहा वर्षं आधी निवृत्ती घेतली होती. का घेतली असं विचारलं तेव्हा "कंटाळा आला" म्हणाल्या, आणि आम्हीही ते मानलं. मी विमा कार्यालयात नोकरीला, पंचेचाळीसची. तिसरी मैत्रीण सगळ्यांत लहान, उरणकडच्या कोळ्यांच्या घरातली, बंदरावरच्या एका ऑफिसात क्लार्क. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण राग आला किंवा दमली की तिची घरची बोली बाहेर यायची. सहा वर्षं आठवड्यातल्या तीन सकाळी आम्ही नवीन पनवेलहून शिरढोणपर्यंत सायकल मारायचो, तिथे चहा घ्यायचो आणि परत यायचो. एवढीच आमची मैत्री होती म्हटलं तरी चालेल, पण ती पक्की होती.

जानेवारीत निघालो. दहा दिवसांचा बेत होता. सगळा रस्ता ताईंनी एका वहीत लिहून काढला होता: कुठे चढ, कुठे फेरीबोट, कुठल्या गावात राहायला खोली मिळते. पहिल्या दिवशी पेण, अलिबाग करत रेवदंड्याला मुक्काम केला. वाटेत ताईंनी मला तीनदा विचारलं, "आपण गॅस बंद केला ना?" घर त्यांचं, गॅस त्यांचा, घरात त्यांचे यजमान, आमचे भावोजी, होते. मी हसून म्हटलं, "भावोजी आहेत ना, ते करतील." त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला जाताना फेरीबोटीवर आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो. उजवीकडे जंजिरा दिसत होता, वारा छान होता. ताई कोळी मैत्रिणीकडे वळल्या आणि अगदी सौजन्याने म्हणाल्या, "तुमचं गाव कुठलं?"

ती म्हणाली, "ताई, मस्करी करतेस काय?"

"हो, मस्करीच," ताई म्हणाल्या आणि पाण्याकडे बघू लागल्या.

मी ते ऐकलं होतं. ताईंच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती, हेही पाहिलं होतं. त्या दमल्या असतील, रात्री झोप झाली नसेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि बोट लागताच सायकल उतरवायच्या घाईत तो विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी दिवेआगरहून श्रीवर्धनकडे निघालो. तो रस्ता फार सुंदर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि सकाळी रस्त्यावर आपल्याशिवाय जवळजवळ कुणी नसतं. ताई त्या दिवशी झकास सायकल चालवत होत्या, आमच्या खूप पुढे गेल्या. माझ्या सायकलची चेन उतरली म्हणून आम्ही दोघी थांबलो. दहा मिनिटं गेली असतील. पुढे श्रीवर्धनच्या नाक्यावर त्या थांबतील असं ठरलेलं होतं. नाक्यावर त्या नव्हत्या.

अर्धा तास वाट पाहिली. फोन वाजत होता, उचलत नव्हत्या. मग एक जण किनाऱ्याकडे आणि एक जण मागे, असं शोधू लागलो. तासाभराने त्यांच्याच नंबरवरून मला फोन आला, पण आवाज दुसऱ्या बाईचा होता.

"तुमच्या बाई नाक्याच्या अलीकडे आमच्या वाडीत बसल्यात. लवकर या."

मैत्रिणीला बोलावून घेतलं आणि दोघी तिथे पोचलो. रस्त्यापासून आत एक सुपारीची वाडी होती. पडवीत दोन बायका सुपारी सोलत बसल्या होत्या आणि ताई त्यांच्याशेजारी पाटावर, हेल्मेट मांडीवर ठेवून. मला पाहून त्यांना आधी आनंद झाला आणि लगेच लाज वाटली, हे मला स्पष्ट दिसलं.

वाडीतली बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "शाळेची बस चुकली म्हणत होत्या. वर्गाला उशीर होतोय म्हणत होत्या. मी पाणी दिलं, बसवलं. घरी कुणाला कळवायचं तर नंबर विचारला, तर म्हणाल्या, आई शेतावर गेलीय. मग त्यांच्या फोनवर तुमचा नंबर दिसला."

मी ताईंच्या समोर उकिडवी बसले. त्या आता पूर्ण भानावर होत्या.

"ताई, कधीपासून होतंय हे?"

"दीड वर्ष," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी नाव सांगितलंय. स्मरणशक्ती जाते, हळूहळू. माझ्या वयात कमी जणांना होतं म्हणे. शाळा म्हणूनच सोडली. वर्गात एकदा उभी राहिले आणि कुठला धडा चाललाय तेच कळेना."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आणलं असतं मला?"

कोळी मैत्रीण मागे उभी होती. ती म्हणाली, "नसतं आनलं आमी. खोटं कशाला बोलू?"

ताईंनी मान हलवली, जणू उत्तर बरोबर आलं होतं.

मी भावोजींना फोन लावला. त्यांना सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "सायकलवर ती नीट असते. तिथे तिला काही विसरायला होत नाही. म्हणून पाठवली. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने." मग त्यांचा आवाज बदलला. "मी गाडी घेऊन निघतो. चार-पाच तासांत येतो. तिला कुठे हलवू नका."

फोन चालू असताना ताई माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. हळूच म्हणाल्या, "खाडीपलीकडे जाऊ दे मला. बागमांडल्याहून बोट, मग बाणकोट, मग केळशी. तो रस्ता मी मुलांना पंचवीस वर्षं फळ्यावर काढून शिकवला, कधी गेले नाही. एकच दिवस. उद्या घेऊन जाऊ दे त्यांना."

तेव्हा मी भावोजींना म्हटलं, "त्या झोपल्यात आता. आज आम्ही इथेच श्रीवर्धनला थांबतो. तुम्ही घाई करू नका, उद्या सकाळी निघा."

मी हे ताईंसाठी केलं, असं पुढे अनेकांना सांगितलं. त्यात खोटं काही नाही. पण मलाही पुढे जायचं होतं. वर्षभर साठवलेली रजा होती, दोन दिवसांत परत फिरायची कल्पना मला सहन होत नव्हती. ताईंच्या विनवणीने मला हवं ते कारण मिळालं.

कोळी मैत्रीण भडकली. "त्याला खरं सांग. तो नवरा हाय तिचा. आपून कोन?"

"एक दिवस फक्त."

"मना हे पटत नाय," ती म्हणाली. मग सायकल उचलली. "पन तुमी दोघी जाल तर मी मागं ऱ्हानार नाय."

दुपारी आम्ही बागमांडल्याला बोट पकडली. खाडीपलीकडे वेसवीला उतरल्यावर क्रम ठरवला. मैत्रीण पुढे, ताई मध्ये, मी मागे. ताई खूश होत्या. खाडी कुठून वळते, डोंगराचा दगड असा लाल का झालाय, मासेमारीला कुठलं बंदर चांगलं, सगळं सांगत होत्या, आणि एकही शब्द चुकत नव्हता. चढावर आम्ही दोघी धापा टाकत असताना त्या म्हणाल्या, "काय गं, शिरढोणच्या चढाला तर उड्या मारता." मला वाटलं, भावोजींचं बरोबर आहे, सायकलवर काही होत नाही.

केळशीच्या अलीकडे एक लांब उतार लागतो. वळणं आहेत, पण रस्ता चांगला आहे. मैत्रीण पुढच्या वळणाआड गेली. मी पन्नासेक फुटांवर मागे होते. ताईंचा वेग वाढत चालला होता. वळण जवळ आलं तरी कमी होईना. मी ओरडले, "ताई, ब्रेक." त्यांनी मान थोडी वळवली, हाका मारणाऱ्याकडे आपण बघतो तशी. त्यांची बोटं ब्रेकवर नव्हती, हँडलच्या मधल्या भागावर होती. सायकल सरळ गेली आणि दगडी कठड्यावर आपटली.

मांडीचं हाड मोडलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी कुठे आहे?" हे पडल्यामुळे की आधीच, ते मला आजही सांगता येत नाही. एक टेम्पो थांबला, त्यातून दापोलीपर्यंत नेलं. मैत्रिणीने सबंध वाटभर ताईंचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

भावोजींना फोन केला तेव्हा संध्याकाळ होत होती. ते घरी नव्हते. उद्यापर्यंत त्यांना धीर निघाला नव्हता, माझा फोन झाल्यावर तासाभरातच निघाले होते. ते श्रीवर्धनात होते. आम्ही कुठल्या लॉजवर उतरलोय ते शोधत एकेका दारात विचारत होते.

"तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तिला फोन द्या." मी ताईंच्या कानाशी फोन धरला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. ताई फक्त "हो, हो" म्हणत होत्या.

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्यानंतर ताईंची स्मरणशक्ती फार झपाट्याने गेली. डॉक्टर म्हणाले, भूल दिल्यानंतर काही रुग्णांत असं होतं, काहींत तसंही झालं असतं, नक्की सांगता येत नाही. भावोजींनी मला कधी दोष दिला नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, स्वतः चहा केला. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, "राहू दे. तिने मागितलं असणार, मला माहीत आहे. मीही सांगितलं नव्हतंच तुम्हाला." मग खाली बघत म्हणाले, "पण मला तुम्ही ती झोपलीय म्हणालात."



कोळी मैत्रिणीने चार महिने मला टाळलं. मग एका सकाळी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताईला व्यायाम करवायचाय, दोन मानसं लागतात. चल." तेव्हापासून आम्ही दोघी जातो. भावोजी अर्धा तास बाहेर पडतात, भाजी आणतात. आम्ही ताईंना धरून गॅलरीपर्यंत चालवतो आणि परत आणतो. मैत्रिणीला त्या आपली शाळेतली सहकारी समजतात. मला कोण समजतात ते कळत नाही. मी हात पुढे केला की कधी घेतात, कधी घेत नाहीत, आणि नाही घेतला की मैत्रीण मला हळूच बाजूला व्हायला सांगते.