बाकाचं टोक

माझी शाळा चौथीपर्यंत झाली असं मी सगळीकडे सांगते. बँकेत, दवाखान्यात, लेकीच्या कॉलेजात. खरं तर पाचवीतही मी बसले होते, दिवाळीपासून संक्रांतीच्या थोडं पुढपर्यंत. पण ते मी शिक्षणात धरत नाही.

भूकंपात आमचं गाव पडलं. गणपती बुडवून लोक आपापल्या घरी येऊन झोपले होते. आमच्या माळवदाच्या घराखाली माझा धाकटा भाऊ गेला. वडील तिथंच पत्र्याच्या शेडात राहिले आणि आई मला घेऊन लातूरजवळच्या मुरुडला, माझ्या मामाकडे आली. दिवाळी झाल्यावर मामानं मला तिथल्या शाळेत घातलं.

माझ्या अंगात तेव्हा हलण्याची भीती बसली होती. रस्त्यानं मोठी गाडी गेली, जमीन जराशी थरथरली, तरी मी उठून बाहेर पळायची. मुरुडच्या वर्गात एका लांब बाकावर आम्ही चौघी बसायचो. पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी गुडघा लागून बाक हललं आणि मी दप्तर टाकून पटांगणात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा वर्ग हसत होता. त्या हसण्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मी दुसऱ्या कुणा मुलीला असं पळताना बघितलं असतं तर मीही हसले असते. वाईट हे झालं, की बाक हलवलं की ही पळते, हे मुलींना कळलं.

मग त्याचा खेळ झाला. गुरुजी फळ्याकडे वळले, की माझ्या बाकावरच्या दोघी खालून गुडघे लावून बाक हलवायच्या.

"आला गं, आला."

मी बाहेर.

"पळाली बघ ढिगारी."

ढिगाऱ्यातून काढलेली म्हणून ढिगारी. घरून निघतानाच मी ठरवायची, की आज उठायचं नाही. दोन्ही हातांनी बाक धरून बसायची. पण पाय ऐकायचे नाहीत. डोक्याला कळत होतं की हा गुडघा आहे, भूकंप नाही, आणि पाय मात्र दाराबाहेर गेलेले असायचे.

आईला कळलं तेव्हा ती गुरुजींकडे गेली. गुरुजी वाईट नव्हते. हेच मला अजून पचत नाही. वाईट असते तर सोपं होतं. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी मला वर्गापुढं उभं केलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरींनो, हिचा भाऊ दगडाखाली गेला. हिची आई 'बाळा, कुठं रे तू' म्हणून उजाडेपर्यंत हाका मारत होती. हिला त्रास देऊ नका. ही आजपासून तुमची बहीण."

दोन-तीन मुली रडल्या. बाक हलवणाऱ्या दोघींतली एक तर सगळ्यांत जास्त रडली. गुरुजींनी सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं, "आमची चूक झाली."

जेवणाची सुट्टी झाल्यावर बाक पुन्हा हललं. आता "आला गं" नव्हतं. तीच मुलगी माझ्या कानाशी येऊन आईच्या आवाजात म्हणाली, "बाळा, कुठं रे तू?"

त्याआधी तिला फक्त बाक हलवता येत होतं. पुढचं तिला गुरुजींनी शिकवलं.

त्या वर्गात बांगड्या विकणाऱ्या एका मणियाराची मुलगी होती. अंगानं चांगली थोराड, मागच्या बाकावर एकटी बसायची. घरात उर्दू बोलत असल्यामुळं वर्गात ती फारसं बोलत नसे. एक दिवस ती दप्तर घेऊन आमच्या बाकापाशी आली आणि टोकाला बसलेल्या मुलीला म्हणाली, "सरक."

"तुझी जागा मागं हाय ना?"

"सरक म्हटलं ना."

ती मुलगी उठून दुसरीकडे गेली. मणियाराची पोर बाकाच्या टोकाला बसली, दोन्ही पाय जमिनीला रोवले आणि सगळं अंग बाकावर टाकलं. मग उरलेल्या दोघींकडे न बघताच म्हणाली, "हलवा आता."

त्यांनी गुडघे लावून पाहिलं. बाक हललं नाही.

ती माझ्याशी गोड बोलली नाही. भावाचं काही विचारलं नाही. डबा उघडला तर एकटीच खाल्ला, मला घासही दिला नाही. फक्त रोज येऊन टोकाला बसायची आणि पाय रोवायची. पाय दुखत असतील तिचे. माझ्यावर पुष्कळांनी दया केली आहे, पण तेवढं कुणी केलं नाही. त्या दिवसांत मला भागाकार यायला लागला.

संक्रांतीनंतर चाचणी झाली आणि गुरुजींनी मार्कांप्रमाणे जागा लावल्या. हुशार पुढं, ढ मागं. मी मधे आले, ती शेवटच्या बाकावर गेली. बाक हलवणाऱ्या दोघी पुन्हा माझ्याच शेजारी आल्या. मणियाराची पोर एकदा उठून आली, तर गुरुजी म्हणाले, "जागा सोडायची नाही, शिस्त आहे." त्यांना वाटलं, ती उनाडपणा करतेय.

त्यानंतर एक दिवस बाक हललं, मी बाहेर पळाले आणि पटांगणात थांबलेच नाही. तशीच मामाच्या घरी गेले. कुणी परत न्यायला आलं नाही. मामा म्हणाला, "राहू द्या. पोरीच्या जातीला लई शिकून काय करायचंय?"

लग्न होऊन मी लातूरला आले. माझे मालक आडत बाजारात हमाली करतात. बघता बघता आमच्या भागात क्लासेसच्या पाट्याच पाट्या झाल्या. ज्यांनी त्यांनी घरावर मजले चढवले आणि बाहेरगावच्या पोरींना खोल्या दिल्या. त्या पोरींना जेवण लागायचं. मी डबे करू लागले. डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून झाकणावर लाल रंगानं खूण करायची. लांबून बघितलं तरी कळायचं, की हा माझा डबा.

माझी लेक दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि अकरावीला त्याच पोरींच्या क्लासमध्ये जाऊ लागली. मी मनाशी एकच धरलं होतं, की मी जिथं थांबले तिथं ही थांबायची नाही. सकाळी क्लासला जाता जाता ती सायकलला दोन पिशव्या लावून डबे पोचवायची.

एका खोलीत दोघी मैत्रिणी राहायच्या. माझेच डबे खायच्या. त्यांनी सुरुवात केली.

"ए डबा, आईला सांग, काल वांगं कच्चं होतं."

"डबा, लोणचं आण की गं जरा. तुला काय, घरचंच हाय."

सायकलवरचा तिचा फोटो काढून त्यांनी मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. रिकामे डबे खोलीवर न ठेवता क्लासमध्ये आणायला लागल्या. न धुतलेले, तिच्या बाकावर, तिच्या पुस्तकावर. पुस्तकाच्या पानांवर हळदीचे डाग दिसले तेव्हा मला कळलं.

"कोण करतंय हे?"

"आई, तू कुणाला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "सांगितलं की वाढतं."

हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. मी गप्प राहिले. मग सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. मग उलट्या. एक दिवस ती क्लासच्या वेळेला तयारच झाली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली आणि लाटणं हातात घेतलं.

"मी लाटते. तू भाज. मला नाही जायचं तिथं."

पोळी तिनं गोल लाटली. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि त्याच दिवशी क्लासला गेले.

मला परक्याशी बोलता येत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा मी बोटानं दाखवून काम भागवते. पण रस्ताभर मी घोकत गेले होते. सरांपुढं उभी राहून एका दमात म्हणाले, "सर, वर्गात काही बोलू नका. माझ्या लेकीचं नाव घेऊ नका. त्या दोघींना वेगळं बोलवा, त्यांच्या आईबापांना बोलवा. आणि हिच्या शेजारी एखादी चांगली मुलगी बसवा. एवढंच करा."

"ताई, तुम्ही निर्धास्त जा," सर म्हणाले. "असं करतो, की पोरी जन्मभर विसरायच्या नाहीत."

ते त्यांनी खरं केलं.

आठवडाभरात पालक मेळावा ठेवला. मला निरोप आला, "नक्की या." मला वाटलं, त्या पोरींचे आईबाप येणार असतील, बोलणं होईल. नीट इस्त्रीची साडी नेसून गेले. सभागृह भरलेलं. मागं नंबर आलेल्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक. सरांनी माईक घेतला आणि म्हणाले, "आज आपल्यात एक माउली आहे. चुलीच्या धुरात डोळे जाळून ती तुम्हाला जेवू घालते आणि आपल्या लेकीला शिकवते. काही जणींनी त्या लेकीची टिंगल केली. का, तर ती डबे पोचवते म्हणून. लाज वाटली पाहिजे. आज आपण या आदर्श मातेचा सत्कार करणार आहोत."

माझ्याकडे गॅस आहे. चूल नाही.

मला वर नेलं. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. लेकीला नावानं उभं केलं, टाळ्या वाजवल्या. मग त्या दोघींना वर बोलावलं, माझ्या पाया पडायला लावलं. पडल्या. रीतीनं पडल्या, डोकं टेकवून. उठताना एक जण बारीक आवाजात म्हणाली, "काकू, उद्या भेंडी करा हं."

सरांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. "दोन शब्द बोला, माउली."

मी घोकलेलं सगळं तिथं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "बरं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "साधेपणा बघा."

लेक तिसऱ्या रांगेत उभीच होती. तिला बस म्हणायचं सगळे विसरले होते.

घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती. नारळ मी पदराखाली धरला होता.

"तुला सांगितलं होतं ना मी."

"मी त्यांना वेगळं सांगितलं होतं गं."

"पण सांगितलंस."

दुसऱ्या दिवसापासून "ए डबा" गेलं आणि "ए आदर्श" आलं. महिन्याभरात चौकात क्लासचं फ्लेक्स लागलं. त्यावर शाल पांघरलेली मी, शेजारी सर, खाली मोठ्या अक्षरात कष्टकरी मातेचं स्वप्न असं काहीतरी. मालक येता-जाता थांबून बघायचे. त्यांना बरं वाटायचं. लेक चौक सोडून गल्ल्यांतून जायची. त्या दोघींचे डबे मी बंद केले. त्यांनी दुसरीकडे लावले, त्यांचं काही अडलं नाही. शाल चांगली उबदार निघाली. डबे भरेपर्यंत पोळ्या तिच्यात गुंडाळून ठेवते.

वर्ष संपल्यावर लेक म्हणाली, "मला नांदेडला जायचंय." तिथंही क्लास आहेत. आम्ही पाठवली. ती शिकायची थांबली नाही, म्हणजे माझं म्हणणं खरं झालं.

नांदेडला मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं होस्टेलवर येऊ नको म्हणून सांगितलं. स्टँडवरच भेटायला आली. अंगानं भरली होती. आम्ही तिथल्या बाकड्यावर बसलो.

"तुझ्या मैत्रिणी विचारत असतील, आई काय करते?"

"घरीच असते म्हणून सांगितलंय."

"मग घरीच असते ना मी," मी म्हणाले. ती जरा हसली.

मग भडाभडा बोलायला लागली. परीक्षेचं, मेसचं, सरांचं. तिच्या खोलीत भोकरकडची एक मुलगी आली आहे. "लई गावठी हाय गं. फोनवर आईला मोठ्यानं सांगते, 'जेवून राहिले.' रात्रंदिवस सगळ्या तिला विचारतात, काय करून राहिली? झोपून राहिली का? ती तोंडावर पांघरूण घेते." सांगताना लेकीनं त्या मुलीचा आवाज काढला. हुबेहूब काढला असावा.

"तूही विचारतेस का?"

ती स्टँडवरच्या गाड्या बघायला लागली.

"सगळ्याच विचारतात. नाही विचारलं, तर मग माझ्याकडे बघतात."

मी तिला मणियाराच्या पोरीचं सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. बाकाचं, टोकाचं, रोवलेल्या पायांचं. म्हणाले, "काही बोलू नको. नुसती वर्गात तिच्या शेजारी जाऊन बस."

"जागा नंबरानं असते, आई. दर टेस्टला बदलते. आपल्या मनानं कुठं बसता येत नाही."

गाडी लागल्याचा पुकारा झाला. मी पिशवीतून डबा काढून तिला दिला. धपाटे होते आणि शेंगाची चटणी. तिनं झाकणावरची लाल खूण बघितली. मग आपल्या पिशवीतून प्लॅस्टिकची एक थैली काढली, धपाटे, चटणी सगळं तिच्यात घातलं आणि रिकामा डबा मला परत दिला.

"त्यातले दोन तिला दे," मी म्हणाले.

तिनं थैलीला गाठ मारली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "जा आई, जागा मिळायची नाही," एवढंच म्हणाली.