भिंतीवरून उसना आणलेला नवस

मागच्या ऑगस्टपासून या मे महिन्यापर्यंत आमच्या घरात दोन पक्ष होते. एका पक्षात माझा नवरा, दुसऱ्यात मी. भांडण होतं विलायतेतल्या एका फुटबॉल क्लबवरून. तो जिंकावा असं नवऱ्याला वाटे, हरावा असं मला. घरात हे मी तोंडावर बोलत होते, मुलीलाही फोनवर सांगून टाकलं होतं. बाहेर मात्र ब्र काढला नाही. पोरीच्या संघाचं वाईट चिंतणारी आई म्हणून मोहाडीच्या बाजारात कोण मिरवणार?

मुलगी एकुलती एक. नागपूरला फिजिओथेरपी शिकली, पुढचं शिकायला इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका लहानशा गावच्या क्लबात लागली. खेळाडूंचे गुडघे, घोटे, पिंढऱ्या सांभाळायचं काम. तिथे फुटबॉलची मोठी उतरंड आहे, हे मला नवऱ्याने समजावलं. पैसेवाले, टीव्हीवर दिसणारे संघ वरच्या मडक्यात. आमच्या पोरीचा क्लब चौथ्या मडक्यात, आणि त्यातही तळाला. वर्षाच्या शेवटी त्या मडक्यातले खालचे दोन संघ बाहेर सांडतात.

"आई, आम्ही खाली गेलो तर क्लब दोन नंबरची फिजिओ ठेवत नाही, अन् ती मी," मुलीने हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. "दुसरीकडं काही जमलं नाही तर मले वापस यावं लागन."

"मंग जाऊ दे ना खाली," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्या हातातून फोनच घेतला. "असं काहून बोलून राहिली तू? इतकं शिकवलं ते काय वापस आणायले?"

ते आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. त्यांचे आजोबा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी करत, वडिलांनी शाळेची पायरी पाहिली, हे कंडक्टर झाले, मी प्राथमिक शाळेत बाई झाले. आमच्या घरात शिक्षण ही पुढे जाणारी गाडी आहे, तिला रिव्हर्स गियर नाही, असं त्यांचं मत. माझंही तेच मत होतं, पोरगी जाईपर्यंत. मग दिवाळीनंतरची मंडई आली.

आमच्याकडे धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा, रात्री नाटक. पण खरी मंडई घराघरांत असते. सासरी गेलेल्या लेकी येतात, पुण्याला नोकरीला गेलेले पोरं येतात, पाहुण्यांनी अंगण भरतं, आणि भज्यांचा घाणा उतरता उतरता दोन-चार लग्नं जुळून जातात. तीन मंडया झाल्या, माझ्या अंगणात दुसऱ्यांच्याच लेकी येऊन राहिल्या होत्या. यंदा नणंद भजं मोडता मोडता म्हणाली, "वहिनी, पोरगी तिथं माणसाइचे पाय दाबते म्हणे?" मी म्हटलं, "हो, आणि ते माणसं तिले थँक्यू म्हणतात. तुमच्याकडं म्हणते का कोणी?" मी जिंकले खरी, पण स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला पोरगी हवी होती. घरात, समोर, जेवताना तक्रार करणारी.

तर असा आमचा हंगाम. शनिवारी संध्याकाळी जेवणं उरकली की नवरा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून बसत. मुलीने बाहेरदेशी सामने दिसतात तसली सोय करून दिली होती. मुलगी त्यात कधी धड दिसली नाही. कडेला एक बाक, बाकावर जाडजूड जाकिटं घातलेली माणसं, त्यातलं टोकाचं लाल जाकीट म्हणजे आपली, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. नवरा सामना पाहत, मी लाल जाकीट पाहत असे.

क्लब हरला की मी ताटं जरा हलक्या हाताने आवरी. जिंकला की नवरा चहा मागत. बरोबरी झाली तरी चहा मागत, कारण बरोबरीचा एक पॉइंट मिळतो. "काहीच झालं नाही त्याचा कायचा चहा?" मी विचारी. ते म्हणत, "बुडाले नाही ना? मंग झालं." डिसेंबरात एकदा मैदान गोठलं म्हणून सामनाच झाला नाही. नवऱ्याचा विश्वास बसेना; जमीन गोठते म्हणजे काय, असं दोनदा फोन करून विचारलं. फेब्रुवारीत मैदानात इतका चिखल की आमच्या चिखलणी केलेल्या बांधीची आठवण व्हावी. त्या चिखलात आमचा क्लब लागोपाठ जिंकायला लागला, आणि तळातून वर सरकला.

असंच चाललं तर पोरगी तिथेच राहणार. पण आमच्या घरी देवाला गळ घालायची सोय नाही. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर आजेसासऱ्यांनी देव्हारा उचलला आणि गावच्या तलावात सोडला. तेव्हापासून घरात वंदना आहे, नवस नाही. वंदनेत आपण शीलं पाळायचं वचन देतो, काही मागत नाही. इतकी वर्षं मला त्याचा अभिमानच होता. फेब्रुवारीत पहिल्यांदा अडचण वाटली.

आमच्या भिंतीला लागून विणकर काकूंचं घर आहे. काकू अजून मागावर बसतात. त्यांच्या मागाची खटखट थांबली की समजायचं, काकू भिंतीपाशी आल्या. त्या भिंतीवरून आमचं सगळं चालतं. विरजण, कढीपत्ता, गॅसचं लायटर, आणि एकमेकींच्या घरच्या बातम्या. काकूंच्या देवीवर काकूंचा भारी भरवसा. एका सकाळी विरजण घेता घेता मी म्हणून गेले, "काकू, पोरीच्या क्लबाचं चालू आहे ना, त्याच्यात माझ्या मनासारखं होऊ दे, एवढं तुमच्या देवीले म्हणा."

काकूंनी माझा हात धरला. "बाई, हे काय सांगावं लागते?"

मनासारखं म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही उघड केलं नाही. आईच्या मनात काय असेल, हे काय विचारायचं असतं?

पुढच्या शनिवारी काकू पाट घेऊन आमच्याकडे सामना पाहायला हजर. नवऱ्यासमोरच म्हणाल्या, "बोलली मी देवीले. पोरीची टीम खाली जाऊ देऊ नको, माह्या हातानं विणलेला खण तुले चढवीन."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांना एका क्षणात सगळं कळलं. काकू गेल्यावर पोट धरून हसले. "आजोबानं देव तलावात सोडले, अन् तू भिंतीवरून उसने आणले! तेही उलट्या बाजूचे!"

काकूंना खरं सांगावं, असं चार वेळा मनात आलं. पण त्या मंगळवारचे उपास धरून बसल्या होत्या, मागावर खण चढवला होता. 'तुम्ही चुकीचं मागितलं, मला पोरीचा पराभव पाहिजे' हे कोणत्या तोंडाने सांगणार? मग मी चहा करत राहिले आणि काकू गोल झाला की टाळ्या पिटत राहिल्या. कोणत्या बाजूचा गोल, हे त्यांना नवरा सांगत.

एप्रिलमध्ये वारं फिरलं. क्लब हरत गेला. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून चालताना नवरा खिशातला फोन काढून काढून पाहत होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला निकाल कळत होता. माझ्या मनासारखं होऊन राहिलं होतं. मुलीचा फोन आला की मात्र तिचा आवाज खोल गेलेला. एक दिवस म्हणाली, "आई, आमचा बॅक आहे ना, मागं राहून गोल अडवणारा, त्याचा पाय डॉक्टरनं सोडून दिला होता. हंगाम संपला म्हणे त्याचा. मी म्हटलं नाही, उभा करते. रोज सकाळी त्याच्यासोबत पायऱ्या चढून राहिली मी." मी विचारलं, "जेवली का?" त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

शेवटचा सामना मे महिन्यात. जिंकले तर वाचले, नाही तर बाहेर. आमच्याकडे उन्हाने भिंती तापलेल्या, कूलर गरम हवा फेकून राहिला होता. तिथे धो धो पाऊस. नवरा, मी, काकू असे तिघं त्या एवढ्याशा फोनसमोर. काकूंच्या मांडीवर घडी घातलेला खण. विणून झाला होता. हिरवा, काठाला लाल.

एक-एक अशी बरोबरी झाली आणि तिथेच अडली. खेळ संपत आला तसा एक उंचपुरा गडी पाय धरून पडला. नवरा ओरडले, "बॅक! पोरीचा बॅक!" आणि बाकाच्या टोकाचं लाल जाकीट उठलं.

अख्ख्या हंगामात पहिल्यांदा कॅमेरा तिच्याजवळ गेला. माझी पोरगी पावसात धावत होती. डोक्यावरची टोपी मागे पडलेली, खांद्यावर तिची औषधपट्ट्यांची पिशवी हिंदकळत होती. शाळेच्या शर्यतीत कधी भाग घेतला नाही तिने, पायात काटा मोडला तर घर डोक्यावर घेई. ती त्या चिखलात गुडघे टेकून बसली. त्या दांडग्या माणसाने तिची बाही घट्ट पकडली, डॉक्टरपुढे लहान पोर आईची पकडतं तशी. तिने त्याची पिंढरी दोन्ही हातांनी धरली, त्याच्या डोळ्यांत पाहून काहीतरी म्हणाली, परत म्हणाली. हजारो माणसं माझ्या पोरीकडे बघत होती.

"ऊठ रे बाबा," मी ओरडले. "ऊठ, तिनं रोज पायऱ्या चढवल्या तुले!"

नवरा वळून माझ्याकडे बघायला लागले. मला त्याचं काही नव्हतं. मी फोन डब्यावरून उचलून हातात धरला होता. तो उठला. तिचा हात धरून उठला, दोन पावलं लंगडला आणि धावायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीतल्या अर्ध्या टाळ्या तरी तिच्या होत्या, हे मी आई म्हणून नाही, शाळेतली बाई म्हणून सांगते. आयुष्यभर पोरांच्या कार्यक्रमात टाळ्या ऐकल्यात, कोणती कोणासाठी ते मला कळतं. त्यानंतर मी एकेका चेंडूसाठी जीव टाकत होते. जिंका रे, एकदा जिंका. ऑगस्टपासूनचं माझं सगळं म्हणणं मी मागे घेत होते, पण ते घ्यायचं कोणाकडून हे मला माहीत नव्हतं.

शिट्टी वाजली. बरोबरी.

नवऱ्याने चहा मागितला नाही. पडद्यावर तो बॅक चिखलात बसून रडत होता आणि माझी पोरगी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. काकूंनी खणाची घडी मोडली, परत घातली. "माफ करा बाई," त्या म्हणाल्या, "माह्या देवीनं तुमचं ऐकलं नाही."

"ऐकलं ना काकू," मी म्हटलं. "माझंच ऐकलं. तुमचं नाही ऐकलं." आणि मग त्यांना सगळं सांगितलं, ऑगस्टपासून. काकूंनी तो खण माझ्या मांडीवर ठेवला आणि पाट घेऊन भिंतीपलीकडे गेल्या. रागावल्या असतील असं वाटलं, पण सकाळी विरजण मागायला आल्या.

मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. रडून झाल्यावरचा आवाज होता. क्लबाने तिला जूनपर्यंतच काम आहे असं सांगितलं होतं. एक-दोन ठिकाणी अर्ज करता येतील, पण तिची हिंमत संपली होती.

"आई, मी येऊन राहिली घरी," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, थकवा होता. "तुले हेच पाहिजे होतं ना?"

ती समोर बसून जेवते आहे, भाजीत मीठ कमी आहे म्हणते आहे, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. नवरा दारात उभे होते. वर्षभराचं भांडण त्यांनी माझ्यावर सोडून दिलं होतं.

"हो, पाहिजे होतं," मी म्हटलं. "अजूनही पाहिजे. तू मंडईले ये. काकूनं खण विणला आहे, तो तुह्यासाठी ठेवला. पंधरा दिवस राह्य, मी तुले हलू देणार नाही. पण आधी ते अर्ज कर."

"अन् नाही मिळालं तर?"

"मिळन. त्या बॅकले काय म्हटलं होतं तू? तेच स्वतःले म्हण." मी भिंतीकडे तोंड केलं. "आणि बाई, मंडईले येशीन तेव्हा ती कामाची पिशवी तिथंच ठेवून ये, वापस जायचं आहे तुले."

मग तिने विचारलं, जेवलीस का. मी खोटंच हो म्हटलं.