उंदीर कुठे पडला, एवढंच विचारणारे नाना

श्री. गोविंदराव पाथरकर, म्हणजे आपले नाना, पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'जुने सहकारी' म्हणून लिहायला सांगितलं. हे फारच भारदस्त झालं. मी त्यांच्या हाताखालचा कारकून होतो, आणि आमची पहिली ओळख एका मेलेल्या उंदराच्या साक्षीने झाली.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालत होता आणि नाना तिथल्या वसाहतीचे आरोग्य निरीक्षक होते. मी रुजू झालो त्या सकाळी ते एका क्वार्टरच्या मोरीपाशी लांब चिमटा घेऊन उभे होते.

"भेव वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत नाही म्हणालो.

"वाटू द्या जी. न भिणारे लोक हात धूत नाहीत."

प्लेग माणसाला होण्याआधी उंदरांना होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. त्यामुळे उंदीर नेमका कुठे पडला, यावर सगळं अवलंबून असे. नाना हे दारोदार, मराठीतून आणि हिंदीतून, न कंटाळता सांगत. आज औषधं आहेत, वेळेवर सांगितलं तर रोगी बहुतेक वेळा बरा होतो. पण हा रोग पृथ्वीवरून गेलेला नाही, आणि लपवला तर आजही जीव घेतो. आरोग्य खात्यातली नवी मुलं भेटायला आली की नाना अजूनही त्यांना बजावतात, 'कुठे' ते आधी विचारा, 'कोणी' ते राहू द्या.

तेव्हा लोक लपवत, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. उंदीर जागच्या जागी रॉकेल ओतून जाळा, असा आमचा हुकूम. रॉकेल तर रेशनवर. कळवलं तर घर रिकामं करून वसाहतीबाहेरच्या गवती झोपड्यांत जावं लागे आणि कर्त्या माणसाला कारखान्याच्या फाटकातून आत घेत नसत. मग बायकांनी आपला उपाय काढला. उंदराची शेपटी धरायची आणि भिंतीवरून शेजारी भिरकावायचा! आमच्या नोंदींत उंदीर एका घरी मरत आणि दुसऱ्याच घरी सापडत. नाना त्या बायकांवर कधी चिडले नाहीत. आपल्या घरी एकही उंदीर पडलेला नसताना त्यांनी बायको-मुलांना सगळ्यांआधी झोपडीत नेऊन ठेवलं. त्यानंतर लोक थोडे मोकळेपणी सांगू लागले.

मी मात्र सांगितलं नाही. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

एका सकाळी माझ्या आईने आमच्या जात्यामागचा मेलेला उंदीर शेजारच्या दुबेंच्या अंगणात टाकला. मी ते पाहिलं. दुबे कारखान्यात खरादी, म्हणजे लेथवर काम करणारे होते आणि भाभींना नववा महिना लागला होता. तासाभरात दुबे स्वतःच प्रामाणिकपणे कळवायला आले, आणि मी माझ्या सुंदर अक्षरात त्यांच्या घराचा नंबर लिहिला. दुपारी भाभी पोट सांभाळत झोपडीकडे चालत गेल्या. मी नोंदवहीत डोकं खुपसून बसलो.

चौथ्या दिवशी आईला सणकून ताप भरला आणि जांघेत गाठ आली. सल्फाच्या गोळ्या तेव्हा लढाईवर जात, आमच्या दवाखान्यात मोजक्याच; त्याही लवकर दिल्या तरच उपयोग. खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर आई. तरीही मी दुपारपर्यंत विचार करत बसलो होतो, इतका मी भित्रा. शेवटी नानांकडे धावलो आणि सगळं सांगितलं.

नाना डॉक्टरांना घेऊनच आले. आईच्या उशाशी बसून त्यांनी एवढंच विचारलं, "आई, उंदीर कुठे पडला होता?"

आईने रडत जात्याकडे बोट दाखवलं.

"सांगितलं, लय चांगलं केलं जी," नाना म्हणाले. डॉक्टर गोळ्या जपून ठेवू पाहत होते. नाना त्यांच्यासमोरून हलले नाहीत. पहिली गोळी आईच्या पोटात गेल्यावर ते मला बाहेर घेऊन गेले. "नोंद दुरुस्त करा. खाली माझीही सही राहील, तपासायचं काम माझं होतं. पण दुबेंकडे तुम्हीच जा. आत्ता."

"नाना, तुम्ही सोबत चला ना."

"मी काहून? उंदीर काय मी टाकला?"

मी गेलो. झोपडीत भाभी आदल्या दिवशी जन्मलेली मुलगी कुशीत घेऊन पडल्या होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. दुबे ताडकन उठले. त्यांनी मारलं असतं तर मी मुकाट मार खाल्ला असता. भाभींनी हाताने त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "अम्माजी ने दवा खाई कि नहीं?"

मी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

आई वाचली आणि पुढे एकवीस वर्षं जगली. माझी नोकरीही राहिली. नानांनी या प्रकाराचा पुन्हा कधी उच्चार केला नाही, म्हणून तो मीच आज आपणा सर्वांसमोर करतो आहे. हे लिहू का, म्हणून काल दुबेभाभींना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "लिखो भैया, और दुआ में मेरा नाम भी जोड़ दो." तेव्हा, आईला मिळाली तेवढी एकवीस वर्षं तरी नानांना धडधाकट प्रकृतीने लाभोत, ही प्रार्थना आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडून आहे.