एस्तेरताईचा इंडेक्स

"आई गेली," भाचीनं फोनवर हिब्रूत सांगितलं. मला कळलं नसावं असं वाटून तिनं तेच पुन्हा मराठीत सांगितलं. मराठीत ऐकल्यावर मात्र ते खरं वाटलं.

तिची आई, एस्तेरताई, माझी मावसबहीण. आम्ही इस्रायलमध्ये येऊन राहिलेले मराठी ज्यू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघी तेल अवीवच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत होतो. डेटाबेस तिच्याकडे, गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे. आमच्या गावाहून, रामल्याहून, रोज एकाच गाडीनं जायचो. ती मराठीत विचारायची, मी हिब्रूत उत्तरं द्यायचे.

एका उन्हाळ्यात माझा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. लोकांचं इंटरनेट जोडलंच जाईना. कोण कधी जोडलं गेलं, कधी सुटलं, हे टिपून ठेवणारा एक सर्व्हर होता. त्याची प्रत्येक नोंद डेटाबेसात जायची. डेटाबेस इतका मंदावला होता की सर्व्हर ताटकळायचा, उत्तर मिळालं नाही म्हणून तीच नोंद पुन्हा पुन्हा यायची आणि सगळंच तुंबायचं. त्याच आठवड्यात समीरचा नवा प्रोग्राम सुरू झाला होता. समीर आमच्याच रामल्याचा, अरब, नुकता लागलेला. साहेब म्हणाले, "त्याचा प्रोग्राम बंद. आणि नव्या आठवड्यात, रविवारपासून, तोही नको."

"प्रोग्राम बंद करा," ताई म्हणाली, "पण माणसाला जरा थांबा. मला बघू दे."

प्रोग्राम थांबवूनही मंदपणा गेला नाही. ताईनं मग डेटाबेसलाच विचारलं, तू एक नोंद शोधतोस तरी कशी? उत्तर आलं: दर वेळी सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून. नोंद चटकन सापडावी म्हणून जो इंडेक्स असतो, तो तिथं नव्हताच. 

दुपारच्या बैठकीत ती उभी राहिली. "नव्या मशीनवर डेटा लवकर भरावा म्हणून तो इंडेक्स मीच काढला होता. बाबांना इस्पितळात नेलं त्या धांदलीत परत घालायचा राहिला. तेव्हा टेबल लहान होतं, कुणाला जाणवलं नाही. समीरचा यात काही संबंध नाही."

इंडेक्स घातला आणि काही मिनिटांत माझे फोन थंडावले. विभागप्रमुखाची जागा तिला मिळायची होती, ती मात्र दुसऱ्याला गेली.

परतताना मी चिडले होते. "गुपचूप घातला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"समीरला घरी बसवलं असतं गं. तोही याच गाडीला असतो. रोज त्याच्या तोंडाकडे कशी बघू?" एवढं बोलून तिनं डबा उघडला आणि उरलेली चपाती माझ्यापुढे धरली.

पुढे मी नोकरी सोडली, ती तिथंच राहिली, आजारी पडेपर्यंत. ‘शिवा’च्या, म्हणजे आमच्या सात दिवसांच्या सुतकाच्या, दिवसांत तिच्या घरी जमिनीलगतच्या स्टुलावर बसले होते, तेव्हा समीर आला. केस पिकलेले. आता तोच त्या विभागाचा प्रमुख आहे. जरा वेळानं हळूच म्हणाला, "सगळी यंत्रं बदलली, पण तो इंडेक्स दर वेळी त्याच नावानं नव्यावर नेतो. नाव एस्तेरनं दिलेलं. नवी मुलं विचारतात, हा शब्द कुठला? मला सांगता येत नाही. तिला विचारायचं राहूनच गेलं."

खिशातल्या कागदावर त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवलं: सांभाळ.

मी त्याला अर्थ सांगितला. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि निघताना दारात वळून मला तोच म्हणाला.