मोहोळकर सरांचा रिकामा फुगा

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. जुळे सोलापुरात आज नळाला पाणी होतं, खाली पाण्याच्या मोटारी घरघरत होत्या. इंद्रायणी गलांडे कॉम्प्युटरपाशी बसून चित्रकथेच्या तिसऱ्या चौकटीवर अडली होती. समोर यज्ञेश्वर मोहोळकर सर डोळे मिटून आरामखुर्चीत होते.

सर निवृत्त प्राध्यापक, नाव असलेले कथाकार. नजर गेली तेव्हा त्यांनी टायपिंगसाठी इंद्रायणीला ठेवलं. ती करकंबची, आधी डीटीपीची कामं करायची. पुण्याच्या एका मोबाइल ॲपवर सरांची चित्रमालिका दर शुक्रवारी येते. गावात मुक्कामाला राहणाऱ्या एसटीची आणि तिच्या कंडक्टरची गोष्ट. सुरुवातीला सर शब्दन् शब्द सांगत. मग नुसता प्रसंग सांगू लागले. कंडक्टर विचारतो, म्हातारी चिडते, पुढचं तुम्ही बसवा.

पहिल्यांदा बसवताना इंद्रायणीला आई बजाबाई आठवली. बजाबाईला नको ते विचारलं की ती उत्तर देत नसे; हातातलं काम जरा जोरात करी. इंद्रायणीनं म्हातारीच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा ठेवला आणि आत काहीच लिहिलं नाही. चित्रं काढणारा संगप्पा मैंदर्गीचा. त्याचा लगेच फोन आला.

“अक्का, फुगा रिकामा राहिला की.”

“राहू दे. ती बोलत न्हाय.”

“मग फुगा कशाला?”

“बोलायचं असतं तिला.”

तो फुगा गाजला. मोहोळकरांची खूण म्हणून वाचक तो ओळखू लागले. एका मुलाखतीत सरांनी तो कसा सुचला तेही सांगितलं. त्यात लबाडी नव्हती. रोज सकाळी वाचून दाखवलेली वाक्यं त्यांना आपलीच वाटू लागली होती.

यंदा इंद्रायणीनं स्वतःची चित्रकथा लिहिली आणि त्याच ॲपकडे स्वतःच्या नावानं पाठवली. सरांचे भाग सरांच्याच ईमेलवरून जात, त्यामुळे संपादक उर्वीला ती कोण हे ठाऊक नव्हतं. उर्वीनं फोनवर कथेची मनापासून तारीफ केली. मग म्हणाली, “पण ताई, हा मोहोळकर सरांचा आवाज आहे. त्यांचा फुगासुद्धा उचललाय तुम्ही. तुमचा स्वतःचा सापडला की पाठवा, मी नक्की वाचेन.”

इंद्रायणी हो म्हणाली.

त्यानंतर तिनं वेगळं लिहून पाहिलं. लांब वाक्यं, भरपूर वर्णन, सगळे फुगे काठोकाठ. वाचताना तिला ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. तिनं ते पुसून टाकलं.

मदतीला उरले ते सर. आज सकाळी ती तिसरी चौकट अडलेली असतानाच तिनं आपली परत आलेली कथा त्यांच्यापुढे वाचली. कुणाची ते सांगितलं नाही. त्यांनी ओळखावं, उर्वीला एक फोन करावा, एवढंच तिला हवं होतं. सरांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

“हे झकास जमलंय,” ते म्हणाले. “कधी सांगितलं होतं मी?”

“माझं आहे सर.”

सर हसले. “तुमचंच की हो, इंद्रायणीबाई. टाइप कोण करतं?”

तिनं फाइल बंद केली. सर मात्र खुशीत होते. ही कथा या आठवड्यात मालिकेतच घेऊ, कंडक्टरच्या बहिणीची म्हणून, असं त्यांनी सुचवलं.

दुपारी तिनं संगप्पाला सगळं सांगितलं. पहिल्या फुग्यापासूनचं त्यालाच माहीत होतं. तो म्हणाला, साक्ष द्यायला मी तयार आहे, सांगा तर आत्ता उर्वी मॅडमला फोन लावतो.

“पण अक्का, सरांच्या नावावर मालिका चालती. ते नाव निघालं तर माझी चित्रं कोण बघतंय?”

“नको लावू फोन,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिनं परत आलेल्या कथेतल्या नायिकेचं नाव बदललं, तिला कंडक्टरची बहीण केलं आणि फाइल संगप्पाकडे पाठवली. उद्या गुरुवार. दुपारी बाराच्या आत चित्रांसकट भाग सरांच्या ईमेलवरून पुण्याला जाईल. लेखकाच्या जागी यज्ञेश्वर मोहोळकर हे नाव असेल. ते तिथं आधीच भरलेलं असतं.